स्वस्त माळी आणि भरवशाचा माळी

भरवशाची थट्टा करणारी एक म्हण आपल्या भाषेत आहे, ती भरवशाच्या म्हशीला टोणगा झाल्याची. आणि स्वस्ताईची थट्टा करणारीही एक आहे, ती चार आण्यांच्या कोंबडीस बारा आण्यांचा मसाला लागल्याची. ज्यास पैसा थोडा देऊन काम मात्र चोख हवे असते, तो मनुष्य पहिली म्हण पाठ करतो आणि दुसरी सोयीस्करपणे विसरतो. विद्यार्थिमित्रहो, आम्हीही त्यांपैकीच एक होतो. फळ्यावर हिशेब लिहून देणाऱ्या शिक्षकाचा स्वतःचा हिशेब कसा चुकला, हे तुम्हांस व तुमच्या पालकांस सांगावे, एवढ्यासाठीच हा लेखनप्रपंच.

आमची नोकरी नांदेडास आणि घर लातुरास. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीच्या परिसरात जो भूकंप झाला, त्या वेळी आम्ही शाळकरी होतो. त्यानंतरच्या वर्षी आमच्या वडिलांनी लातुरात हे लहानसे घर बांधले व अंगणात एक केशर आंबा, एक लिंबू, एक पांढरा चाफा आणि कुंपणालगत एक कडुनिंब लावला. घरे पडलेली पाहिलेल्या मनुष्यास झाडे लावावीशी का वाटली, हे तेव्हा आम्हांस समजले नाही. पुढे वडील देवाघरी गेले. मातोश्री ते घर सोडून नांदेडास येण्यास तयार होईनात. "झाडांना कोण पाणी घालील?" हा त्यांचा एकच प्रश्न असे, व त्यास आमच्यापाशी उत्तर नसे. म्हणून माळी ठेवण्याचे ठरले.

ही गोष्ट मे २०१५ ची. आदल्या वर्षीचा पावसाळा कोरडा गेलेला, बोअर अर्ध्या तासात दम टाकी. अशा दिवसांत आमच्या दारी दोन माळी आले.

पहिला वयाने प्रौढ होता. त्याने प्रथम खाली बसून आंब्याच्या आळ्यातील मातीत बोट खुपसले, मग लिंबाची पाने उलटी करून पाहिली आणि नंतर म्हणाला, "महिन्याला अकराशे रुपये. मंगळवार आणि शुक्रवार, सकाळी साडेसहाला. यायला जमणार नसलं तर आदल्या दिवशी सांगीन. पगार मात्र एक तारखेला." एवढ्यावर न थांबता, समोरची हिरवळ व गुलाबाचे वाफे या पाण्यात टिकणार नाहीत, ते आताच सोडून द्यावेत, असेही त्याने सांगितले. ते गुलाब आम्ही हौसेने लावलेले होते. मागितल्यावाचून दिलेला हा सल्ला आम्हांस मुळीच रुचला नाही.

दुसरा पंचविशीतला तरुण. त्याने गुलाबांची तोंड भरून स्तुती केली, हिरवळ पुन्हा उभी करून देतो म्हणाला आणि आठशे मागितले. आम्ही घासाघीस करून त्यास सहाशेवर आणले. तो क्षणभर गप्प राहिला, मग "बरं सर" म्हणाला. त्या क्षणभराच्या शांततेचा अर्थ आम्ही त्या दिवशी आमचा विजय असा लावला. अकराशे वजा सहाशे, म्हणजे महिन्याला पाचशे रुपयांची बचत! नांदेडास परत येताना अहमदपूर व लोहा मागे पडेपर्यंत आम्ही त्या पाचशे रुपयांच्या पुस्तकांची मनातल्या मनात यादी करीत होतो.

जून कोरडा गेला, जुलैही गेला. आम्ही दर आठवड्यास दूरध्वनीवरून माळ्याची चौकशी करीत असू. "पाणी घातलं सर, झाडं मजेत हायेत," असे तो सांगे. मातोश्रींस विचारावे तर त्या, "येतो की अधूनमधून," एवढेच म्हणत. हा 'अधूनमधून' म्हणजे महिन्यातून दोनदा की आठदा, असे पुढे विचारण्याची तसदी आम्ही घेतली नाही. वर्गात उत्तर अर्धवट आले तर आम्ही विद्यार्थ्यास उभे ठेवतो. येथे अर्ध्या उत्तरावर आमचे समाधान झाले, कारण पूर्ण उत्तर खर्चाचे असण्याचा संभव होता.

जानेवारी २०१६ मध्ये एके सायंकाळी शेजाऱ्यांचा निरोप आला. भांडी धुतलेल्या पाण्याची बादली लिंबाकडे नेताना मातोश्री घसरून पडल्या होत्या व उजव्या मनगटाचे हाड मोडले होते. चार तासांचा तो बसचा प्रवास आम्हांस अजून आठवतो. घरी पोहोचलो तेव्हा हात प्लास्टरमध्ये होता. अंगणात पाऊल टाकले आणि आठ महिन्यांचा हिशेब डोळ्यांपुढे उभा राहिला. हिरवळ व गुलाब नाहीसे झाले होते. लिंबाची पाने गुंडाळून गेली होती, आंब्याच्या बुंध्यावर वाळवीची माती चढली होती. मातोश्री दोन महिन्यांपासून स्वतःच बादल्या वाहत होत्या. आम्हांस कळविले का नाही, असे विचारता म्हणाल्या, "तू त्याला काढून टाकला असतास. त्याचं लेकरू लहान आहे."

आठ महिन्यांत वाचविलेले चार हजार रुपये एक्स-रे, प्लास्टर व औषधे यांत केव्हाच गेले. परंतु खरे नुकसान रुपयांचे नव्हते. जे काम आम्ही सहाशे रुपयांत झाले असे समजत होतो, ते सत्तरीच्या एका स्त्रीने आपल्या हाताने केले होते. स्वस्त कामाची उरलेली किंमत कोणी तरी भरतच असते. बहुधा ती अशा कोणाकडून वसूल होते की ज्याचा आवाज आपल्यापर्यंत पोहोचत नाही.

तिसऱ्या दिवशी तो तरुण पगारासाठी आला. मातोश्रींचा हात पाहून फाटकापाशीच उभा राहिला. आम्ही पुष्कळ बोलण्याच्या तयारीत होतो व थोडे बोललोही. तेव्हा कळले की तो एकंदर सहा घरची कामे करी. कारण प्रत्येक घराने त्याचा दर आमच्यासारखाच पाडला होता. औशाकडील त्याच्या गावची विहीर आटलेली, बायको टँकरच्या रांगेत. ज्या घरचा मालक समोर उभा असे तेथे तो जाई. ज्याचा मालक नांदेडास असे ते घर चुके. तो खोटे बोलला, यात संशय नाही, व त्याने ते कबूलही केले. परंतु तो गेल्यावर मातोश्री आम्हांस म्हणाल्या, "त्यानं पाणी घातलं नाही हे खरं, पण तू त्याचे दरमहा दोनशे कापलेस, हेही खरं. त्याचं खोटं तो फेडील. तुझे सोळाशे तू फेड." आम्ही दुसऱ्या दिवशी ते त्यास नेऊन दिले. पुढच्या आठवड्यात तो कुटुंबासह पुण्याकडे बांधकामावर गेला. द्राक्षमळ्याच्या धन्याने शेवटी आलेल्या मजुरासही दिवसभराची पूर्ण मजुरी दिली, तो दृष्टांत आम्ही वर्षानुवर्षे वर्गात शिकवीत आलो होतो. आमच्या दारातल्या मजुराशी त्याचा संबंध मात्र त्या दिवशी प्रथमच जुळला.

मग आम्ही पहिल्या माळ्याच्या घरी गेलो. मनात लाज होती, आणि आता तो पंधराशे मागेल अशी धास्तीही होती. त्याने अकराशेच सांगितले. मंगळवारी सकाळी साडेसहास तो फाटकाशी हजर होता. प्रथम पुन्हा मातीत बोट, मग आमच्याकडे वळून म्हणाला, "माणूस पाणी घातलं म्हणून सांगल सर, पर माती खोटं बोलत नसती." त्यानंतर त्याने जे केले ते आम्ही वहीत टिपून ठेवले आहे, कारण तो एक उत्तम पाठ होता. आंब्याचे आळे त्याने बुंध्यापासून दूर, फांद्यांच्या घेराखाली खोदले. अन्न व पाणी शोषणारी बारीक मुळे तेथे असतात, बुंध्याशी ओतलेले पाणी बरेचसे वाया जाते. आळ्यात उसाच्या पाचटाचा वीतभर थर दिला, म्हणजे ऊन मातीस थेट लागत नाही व ओल टिकते. वाळवी खरवडून बुंध्यास चुना व मोरचूद यांचा लेप लावला. लिंबाच्या दोन बाजूंस दोन मातीची मडकी गळ्यापर्यंत पुरली. प्रत्येकाच्या बुडास भोक पाडून त्यात कापडाची वात बसविली. मडके भरले की पाणी थेंबाथेंबाने मुळांशी झिरपते, आणि वर झाकण असल्याने उडून जात नाही. कडुनिंबास त्याने काहीच दिले नाही. "तो आपलं आपण बघतोय," एवढेच म्हणाला.

त्या उन्हाळ्यात लातूरची काय दशा झाली हे तुमच्यातील वडीलधाऱ्यांस आठवत असेल. मांजरा धरण कोरडे पडले. मार्चमध्ये पाण्याच्या ठिकाणी गर्दी होऊ नये म्हणून जमावबंदी लागू करावी लागली. आणि १२ एप्रिल २०१६ रोजी मिरजेहून दहा वाघिणींत सुमारे पाच लाख लिटर पाणी घेऊन पहिली रेलगाडी लातुरास आली. पुढे पन्नास वाघिणींच्या गाड्याही येऊ लागल्या. त्या दिवसांत आमच्या माळ्याने मातोश्रींस बजावून ठेवले होते, "मावशी, पिण्याच्या पाण्यातला थेंब झाडाला द्यायचा नाही. झाड गेलं तर दुसरं लावू." झाडांची निगा राखण्याचा ज्यास पगार मिळतो, त्याने झाडापेक्षा माणूस मोठा मानावा, याहून मोठा भरवसा कोणता? सांडपाण्यावर आंबा व लिंबू तगले. चाफ्याच्या दोन फांद्या वाळल्या. गुलाबांविषयी त्याने मे महिन्यात दिलेला इशारा आम्ही त्यास कधी आठवून दिला नाही, आणि त्यानेही तो आम्हांस आठवून दिला नाही.

या प्रसंगी आम्हांस विल्यम केरी यांचे स्मरण होते. बंगालमधील श्रीरामपुराहून १८०५ साली मराठी भाषेचे व्याकरण छापून प्रसिद्ध करणारे हे विद्वान मोठे बागवानही होते. १८२० मध्ये कलकत्त्यास शेती व बागकाम यांच्या उन्नतीसाठी त्यांनी एक संस्था स्थापिली. १८३४ मध्ये अंथरुणास खिळले असता, आपल्या पश्चात सहकारी मार्शमन बागेत गाई सोडतील, अशी चिंता त्यांनी बोलून दाखविली, व मार्शमन यांनी ती बाग जपण्याचे वचन त्यांस दिले, अशी आठवण सांगतात. एवढ्या थोर पुरुषाचाही अखेरचा प्रश्न मातोश्रींच्या प्रश्नाहून निराळा नव्हता: झाडांना कोण पाणी घालील? आणि आपल्याच मुलखाकडे पाहू गेल्यास, अरणच्या सावता माळ्यांनी मळ्यातील कामालाच भक्ती मानले. रोजच्या रोज, कोणी पाहत असो वा नसो, वाफ्यास पाणी जाणे, यालाच त्यांच्या ठायी पूजेचे मोल होते.

विद्यार्थिमित्रहो, तुम्ही उद्या कोणी दुकान काढाल, कोणी शेती कराल, कोणी अधिकारी व्हाल. कोणा ना कोणास कामावर ठेवण्याची वेळ प्रत्येकावर येईल. तेव्हा तीन गोष्टी पाहा. तो प्रथम काम पाहतो की तुमची मर्जी पाहतो? न आवडणारी गोष्ट तुमच्या तोंडावर सांगतो काय? आणि न येण्याचे आदल्या दिवशी कळवितो काय? दर नंतर विचारा. पालकहो, हाच विचार आपण आपल्या मुलांच्या बाबतीतही करावा. मूल परीक्षेत किती गुण मिळविते हे आपण विचारतो, पण सांगितलेल्या वेळी सांगितलेले काम करते काय, हे विचारावयाचे राहून जाते.

परंतु एवढ्यावर थांबलो तर अर्धाच धडा सांगितल्यासारखे होईल. भरवसा हा केवळ नोकराच्या अंगी शोधावयाचा गुण नव्हे. त्या तरुणास आम्ही आठशे दिले असते, महिन्यातून एकदा स्वतः जाऊन झाडे पाहिली असती, तर तो सहाव्या घरी न जाता आमच्याकडे आला असता की नाही, हे आज कोणी सांगू शकत नाही; आणि ते सांगता येत नाही, हीच आमच्या मनाची टोचणी आहे.

पहिल्या माळ्याने आपल्या अटींत एकच अट आमच्यासाठी घातली होती. तो दर मंगळवारी व शुक्रवारी आपली परीक्षा देतो. आमची परीक्षा महिन्यातून एकदा, एक तारखेस असते. मातोश्री सकाळीच दूरध्वनी करून विचारतात, "पगार पाठवलास का?" आणि "पाठवला" हे उत्तर खरे असावे, एवढी काळजी आम्ही त्या जानेवारीपासून घेत आलो आहोत.