निंदेचा ठेका

आपल्याला काय आवडते हे सांगण्यापेक्षा काय आवडत नाही हे सांगताना सुशिक्षित मराठी माणसाचा आत्मविश्वास अधिक खुलतो, आणि संगीताच्या प्रांतात तर ही गोष्ट इतकी रूढ झाली आहे की, अमीर खाँसाहेबांच्या गायकीविषयी दोन वाक्ये धडपणे बोलता न येणारा गृहस्थही बप्पी लाहिरी हे नाव निघताच नाकाला रुमाल लावून घटकाभर अस्खलित बोलू शकतो. त्या बोलण्यात गळ्यातील सोन्याच्या साखळ्या येतात, काळा चष्मा येतो, चोरलेल्या चाली येतात, आणि शेवटी संस्कृतीच्या ऱ्हासावर समाप्ती होते. मी या निंदेकडे वादकाच्या बैठकीवरून पाहत आलो आहे. मिरजेकडे गुरूच्या पायाशी बसून तबला शिकलो, पुढे पोटासाठी ऑर्केस्ट्रात ढोलक धरली आणि काळाच्या रेट्याबरोबर ऑक्टोपॅडवरही हात चालवला. त्यामुळे ज्याची निंदा करीत लोक कार्यक्रमाहून घरी जात, त्याचीच गाणी वाजवून आम्ही घरी जात असू, आणि प्रपंचाच्या जमाखर्चात जमेची मोठी बाब याच निंद्य खात्यातून पडत असे.

लोकप्रिय संगीताचा असा तिरस्कार ही काही नवी चाल नव्हे. आपल्याकडे तर तो एकदा सरकारी दप्तरातूनही जारी झाला होता. डॉ. बाळकृष्ण विश्वनाथ केसकर १९५२ साली नभोवाणी खात्याचे मंत्री झाले आणि अभिजात संगीताविषयीच्या त्यांच्या निष्ठेचा, जी निःसंशय खरी होती, पहिला फटका चित्रपटगीतांना बसून ती आकाशवाणीवरून जवळजवळ हद्दपार झाली. परंतु फर्मानाने श्रोत्याचा कान बंद करता येत नसल्यामुळे तो कान कोलंबोकडे वळला, रेडिओ सिलोनच्या बिनाका गीतमालेने घरोघरी ठाण मांडले, आणि अखेर १९५७ च्या ऑक्टोबरात त्याच खात्याला विविध भारती सुरू करावी लागली. अमेरिकेत हीच भावना अधिक रोखठोकपणे प्रकट झाली. १२ जुलै १९७९ रोजी शिकागोच्या कोमिस्की पार्क मैदानावर, बेसबॉलच्या दोन सामन्यांमधील मोकळ्या वेळात, डिस्को संगीताच्या तबकड्यांनी भरलेली पेटी सुरुंगाने उडवण्यात आली. जाळण्यासाठी एक तबकडी आणणाऱ्यास तिकीट अवघे ९८ सेंट होते. प्रेक्षक मैदानात घुसले, हिरवळ उखडली गेली, दुसरा सामना खेळवणे अशक्य झाले आणि यजमान संघाला तो न खेळताच गमवावा लागला. ज्या संगीताचे तिकडे असे विधिपूर्वक दहन झाले, त्याने पुढील वर्षी ‘कुर्बानी’तून, बिद्दू यांच्या चालीवर नाझिया हसनच्या आवाजात मुंबईत प्रवेश केला, आणि १९८२ च्या डिसेंबरात ‘डिस्को डान्सर’ पडद्यावर आला तेव्हा तर सोव्हिएत रशियापर्यंत त्याची द्वाही फिरली. त्याचे संगीतकार बप्पी लाहिरी. वय तीस.

आता या ठेक्याविषयी थोडे विस्ताराने लिहिणे मला प्राप्त आहे, कारण निंदकांपैकी फार थोड्यांनी तो हाताने वाजवून पाहिलेला असतो. डिस्कोत बास ड्रमचा ठोका प्रत्येक मात्रेवर पडतो, दुसऱ्या आणि चौथ्या मात्रेवर टाळीचा आवाज येतो, दोन मात्रांच्या मधल्या पोकळीत हाय-हॅटची झांज उघडून मिटते, आणि लय मिनिटाला सुमारे १२० मात्रांच्या आसपास स्थिर राहते. तबलजीच्या दृष्टीने यात मोठाच अनाचार आहे. तो असा की, यात खाली नाही. आमच्या केरव्यासारख्या साध्या ठेक्यातही पाचव्या मात्रेला डग्गा मिटतो, चाट एकटी पडते, आणि आवर्तनात आपण कोठे उभे आहोत हे ऐकणाऱ्याला न मोजता उमगते. भरीला अर्थ येतो तोच मुळी खालीमुळे. डिस्कोत सगळ्या मात्रा सारख्याच भरलेल्या, म्हणून कोणतीच विशेष भरलेली नाही. गुरुजींनी एकदा रस्त्यावरच्या कर्ण्यातून हे संगीत ऐकले आणि मला विचारले, “अरे, याची सम कुठे आहे?” मी म्हणालो, “सगळीकडे आहे, गुरुजी.” ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, “म्हणजे हा माणूस कुठेही पोहोचतच नाही.”

गुरुजींचे म्हणणे शास्त्रतः खरेच होते. परंतु तोच ठेका ढोलकीवर पाच मिनिटे धरून बसण्याची पाळी आली, तेव्हा त्याची दुसरी बाजू माझ्या मनगटाला कळली. मनुष्याच्या हाताचा स्वभाव असा की, चार थापांतील पहिली जड पडते आणि चौथी पहिलीकडे धावते. वर्षानुवर्षांच्या तालमीने आम्ही हा स्वभाव अधिकच पक्का केलेला असतो, कारण त्यातच ठेक्याचे वजन आणि डौल असतो. येथे मात्र चारही थापा एकाच वजनाच्या हव्यात, एकही रेंगाळता कामा नये, एकही उतावीळ होता कामा नये, आणि हे सारे हातात लग्गीची खुमखुमी असताना साधायचे. तबल्यात नाव काढलेले कित्येक वादक ऑर्केस्ट्रात येऊन याच जागी बिचकलेले मी पाहिले आहेत. तिसऱ्या मिनिटाला त्यांचा हात नकळत एखादा तुकडा घेई आणि समोर नाचणाऱ्या मंडळींची पावले तत्क्षणी अडखळत. नाचणारा श्रोता बैठकीतल्या रसिकापेक्षा अधिक निष्ठुर परीक्षक असतो. त्याला तालाचे नावही ठाऊक नसते, पण लय केसभर ढळली की त्याचा पाय थांबतो, आणि त्याच्यावर अपील चालत नाही.

लाहिरींच्या ध्वनिमुद्रिका मी वादकाच्या कानाने पुन्हा पुन्हा ऐकल्या तेव्हा आणखी एक गोष्ट ध्यानात आली. वर बास ड्रम यंत्रासारखा चालत असला, तरी अंतऱ्यात शिरताना कित्येक ठिकाणी खालून ढोलक किंवा तबला आपला केरवा घेऊन येतो. समोरच्या दाराने घालवलेली खाली मागच्या दाराने घरात येते. हा मनुष्य बालपणापासून तबला वाजवीत आलेला आणि अपरेश व बाँसुरी लाहिरी या गायक दांपत्याच्या पोटी जन्मलेला होता, हे ज्याला ठाऊक नाही त्याला ही जागा ऐकू येणार नाही, आणि ज्याने ऐकायचे नाहीच असे ठरवले आहे त्याला तर नाहीच नाही.

निंदक मुळीच ऐकत नाहीत असे मात्र म्हणता येणार नाही. एका तालुक्याच्या गावी गणेशोत्सवात आमचा कार्यक्रम होता. मंडळाचे अध्यक्ष एक निवृत्त शिरस्तेदार, धोतर-कोट-टोपी अशा जुन्या इतमामातले, कार्यक्रमाच्या आधी ते रंगपटात आले आणि आम्हांला बजावून गेले, “हे पाहा, ते लाहिरीचे धांगडधिंगे येथे नकोत, लेकीसुना बसलेल्या असतात.” आम्ही मान डोलावली. मध्यंतरानंतर फर्माइशीच्या चिठ्ठ्या आल्या त्यांतील निम्म्याअधिक त्याच धांगडधिंग्यांच्या निघाल्या. निवेदकाने अध्यक्षांकडे पाहिले, अध्यक्षांनी मांडवाच्या छताकडे पाहिले, आणि गाणे झाले. वेळ थोडा उरला असल्याने मधल्या संगीताला आम्ही जाणूनबुजून कात्री लावली होती. कार्यक्रम संपल्यावर शिरस्तेदारसाहेब बिदागीचे पाकीट घेऊन आले, ते माझ्या हाती देण्यापूर्वी क्षणभर थांबले आणि अत्यंत नाराजीने म्हणाले, “वाजवायचेच होते तर नीट वाजवायचे. दुसऱ्या अंतऱ्याआधी टाळ्यांचे चार ठोके आहेत, तुम्ही दोनच दिलेत.” हे ज्ञान त्यांना कोठून झाले, ते विचारण्याची माझी प्राज्ञा नव्हती.

लाहिरींचे सारेच चांगले असा माझा दावा नाही. १९८६ या एका वर्षात त्यांनी ३३ चित्रपटांसाठी १८० हून अधिक गाणी ध्वनिमुद्रित केली, म्हणजे सरासरी एका दिवसाआड एक गाणे पडले. अशा वेगाने माणूस रचना करीत नाही, निपटारा करतो. ‘हिंमतवाला’ आणि ‘तोहफा’च्या काळात दक्षिणेकडच्या निर्मात्यांसाठी त्यांनी जी गाणी केली, ज्यांत समुद्रकाठी घड्यांच्या रांगा मांडून नायक-नायिका कवायत करतात, त्यांतील बरीचशी वाजवताना मला खरोखर कंटाळा येई; अंतरा कोणत्या गाण्याचा आणि मुखडा कोणत्या, याचाही घोटाळा होई आणि तो श्रोत्यांच्या लक्षात येत नसे. पण १९७६ च्या ‘चलते चलते’मधील किशोरकुमारांचे निरोपाचे गीत याच माणसाचे. ‘नमक हलाल’मधले ते दीर्घ गाणे, ज्याच्या पोटात सरगमांचा पुरा डाव मांडलेला आहे आणि ज्यासाठी किशोरकुमारांना फिल्मफेअर पारितोषिक मिळाले, तेही याचेच, ते नेटके वाजवणारा ऑर्केस्ट्रा आजही विरळा. १९८५ च्या ‘ऐतबार’मधील भूपिंदर व आशाबाईंची गझल ऐकवून मी कित्येक जाणकारांना संगीतकाराचे नाव ओळखण्यास सांगितले आहे. खय्याम, जयदेव, मदनमोहन अशी उत्तरे येतात. खरे नाव सांगितले की जरा वेळ शांतता पसरते आणि मग “अपवाद” असा निकाल लागतो. ज्याला आपण एकदा नावडता ठरवला त्याचे चांगले ते अपवाद आणि वाईट ते स्वभाव, असा हा कायदा आहे. आवडत्यांच्या बाबतीत तो नेमका उलटा चालतो.

सोन्याविषयी एकच सांगतो. बालगंधर्वांच्या भरजरी शालूंच्या आणि नाट्यगृहात दरवळणाऱ्या अत्तराच्या कथा आपण अभिमानाने सांगतो. त्यापायी कंपनीवर चढलेले कर्जही आपल्याला वैभवाचेच अंग वाटते. लाहिरींनी आपले सोने कर्ज न काढता अंगावर घातले.

चोरीचे कलम मात्र गंभीर आहे आणि त्याची रुजुवात केलीच पाहिजे. ‘डिस्को डान्सर’मधील उषा उथुप यांचे गाणे इंग्लंडातील बगल्स या जोडीच्या १९७९ च्या गाण्यावर बेतलेले आहे, आणि पार्वती खान यांनी गायलेले दुसरे, ज्याने रशियनांना वेड लावले, ते फ्रान्समधील ओटावान यांच्या गाण्यावर, दोन्ही शेजारी शेजारी ठेवून ऐकली की वादाला जागा उरत नाही. परंतु चाल उचलणे हा गुन्हा धरला तर आरोपींच्या पिंजऱ्यात आपले अर्धे नाट्यसंगीत उभे करावे लागेल. किर्लोस्करांनी साकी-दिंडीपासून कर्नाटकी पदांपर्यंत जे हाताला लागले ते घेतले, ‘मानापमाना’त गोविंदराव टेंब्यांनी उत्तरेकडची ठुमरी-कजरी आणली, ‘स्वयंवरा’त भास्करबुवा बखल्यांनी घराणेदार बंदिशींवर रुक्मिणीची पदे बसवली. फरक आहे तो छापील पुस्तकात. जुन्या संगीत नाटकाची प्रत काढून पाहा: पदाच्या डोक्यावर कंसात ‘चाल’ असे लिहून मूळ चिजेचे पहिले शब्द दिलेले असतात. उचल उघड होती, तिची नोंद होती, आणि त्या नोंदीमुळे बखलेबुवांचा मोठेपणा तसूभरही उणा झाला नाही. उलट मूळ चीज कोणती आणि तिचे काय केले हे ताडून पाहण्याचा आनंद रसिकाला मिळाला. लाहिरींच्या तबकडीवर अशी नोंद नव्हती.

यापुढची हकिकत अशी की, १९८१ च्या ‘ज्योती’ चित्रपटासाठी लाहिरींनी बांधलेल्या आणि लताबाईंनी गायलेल्या एका गाण्याचा तुकडा २००२ साली अमेरिकेत ट्रुथ हर्ट्‌स या गायिकेच्या गाजलेल्या गाण्यात जसाच्या तसा वापरला गेला, आणि मूळ संगीतकाराचा उल्लेख कोठेही झाला नाही. लाहिरी लॉस एंजेलिसच्या न्यायालयात गेले. २००३ च्या प्रारंभी तेथील न्यायाधीशांनी हुकूम दिला की, लाहिरींचे नाव छापल्याशिवाय तो संग्रह विकता येणार नाही. निंदकांनी यावर चोराच्या उलट्या बोंबा म्हणून टाळ्या पिटल्या. मला त्या निकालात आपल्या जुन्या नाटकांच्या पुस्तकातला तो कंस दिसला, आणि जो न्याय लाहिरींनी स्वतःसाठी मागून घेतला तोच त्यांनी बगल्स आणि ओटावान यांना आपणहून द्यावयास हवा होता, असे माझे स्पष्ट मत झाले. त्यांच्याविरुद्धच्या फिर्यादीत एवढ्या एका कलमापुरती माझी सही घ्यावी. ठेका, सोने, चष्मा आणि संस्कृतीचा ऱ्हास या कलमांवर मी सही करणार नाही.

१५ फेब्रुवारी २०२२ रोजी, लताबाईंच्या मागोमाग अवघ्या नऊ दिवसांनी, लाहिरी मुंबईत निवर्तले. ऑर्केस्ट्रा आता पूर्वीइतके राहिले नाहीत, पण जे आहेत त्यांत त्यांची गाणी आजही चिठ्ठीने मागितली जातात. अशा वेळी निवेदकाला माझी एक विनंती असते: गाण्याआधी मूळ चाल कोणाची ते एका वाक्यात सांगावे आणि मग गाणे पुरे, टाळ्यांच्या चारही ठोक्यांसह होऊ द्यावे. तसे सांगितल्यामुळे एकही श्रोता उठून गेल्याचे मी अद्याप पाहिलेले नाही.