पिंपातली भर

पांढुर्ण्याचे नाव काढले की परगावचा मनुष्य आधी संत्र्यांची चौकशी करतो आणि लागलीच गोटमारीची. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी जाम नदीच्या पात्रात पळसाचे झाड रोवतात, आणि एका काठावरून पांढुर्णा व दुसऱ्या काठावरून सावरगाव असे दगडांचे युद्ध जुंपते. त्यात पुष्कळ जण जखमी होतात; काही वर्षी जीवही गेले आहेत. आमची आजी त्या दिवशी आम्हांस उंबरठ्याबाहेर पाऊल टाकू देत नाही, आणि या बाबतीत आम्ही सर्वस्वी आजीच्या पक्षाचे आहोत. तथापि दगडांवर आमचा राग नाही. दगड दगडावर न आपटता तो गुळगुळीत कसा करावा, या खटपटीतच आमची गेल्या उन्हाळ्याची सुटी संपली.

२०२३ साली पांढुर्णा आणि सौंसर मिळून नवा जिल्हा झाला. पण या दोहोंची जमीन मात्र एका जातीची नव्हे. पांढुर्ण्याकडे सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाचा काळा फत्तर. सौंसरकडे त्याहून कितीतरी जुने खडक, त्यांत संगमरवर आणि मँगनीज. भूगर्भशास्त्रज्ञांनी त्या खडकसमूहास सौंसरचेच नाव दिले आहे. काळ्या फत्तरात वायूच्या बुडबुड्यांच्या ज्या पोकळ्या राहिल्या, त्यांत पाण्याबरोबर आलेली सिलिका थरांथरांनी साठून अकीक तयार झाले. आमच्या बागेतली विहीर खणताना असे नऊ अकीक निघाले होते. विहीर खणणारे आजोबा आता नाहीत. दगड मात्र आजीने देवघराच्या कोनाड्यात जपून ठेवले. ते तिने आमच्या हाती दिले, तेही मोजून.

अकिकाला झिलई देण्याची विद्या आपल्या देशात जुनी आहे. खंबायतचे कारागीर मणी, कुरुंदाची भुकटी आणि पाणी चामड्याच्या पिशवीत घालीत आणि दोन माणसे ती पिशवी दिवसचे दिवस इकडून तिकडे लोळवीत. आमच्याजवळ माणसांच्या जागी विजेची लहानशी मोटर आणि पिशवीच्या जागी रबरी पिंप. पिंप हळूहळू फिरते, दगड त्याच्या भिंतीबरोबर वर चढतात आणि एकमेकांवरून घसरत खाली येतात. त्या घसरण्यातच घासण्याचे सारे काम होते. परंतु हे साधण्यासाठी पिंप दोन-तृतीयांशाहून थोडे अधिक भरलेले हवे. ते रिकामे असले तर दगड घसरत नाहीत, पडतात; आणि अकीक कठीण असला तरी ठिसूळ आहे. त्याच्या अंगावर चंद्रकोरीसारखे बारीक तडे उमटतात आणि मग कितीही घासले तरी ते जात नाहीत. आजीच्या नऊ दगडांनी पिंपाचा तिसरा हिस्साही भरला नाही.

उरलेली जागा भरावी कशाने? आमच्या एका मित्राने सौंसरच्या संगमरवराचे तुकडे सुचविले. १८१२ साली मोस यांनी खनिजांच्या काठिण्याची जी श्रेणी लावली, तीत अकीक ७ वर आणि संगमरवर ३ वर येतो. अकिकाच्या संगतीत संगमरवराचे पीठच व्हायचे. कुंभारवाड्यातल्या खापऱ्यांचीही तीच गत. शेवटी सिरॅमिकचे तुकडे मागविले. ही मातीच, परंतु अतिशय उष्णतेत भाजून इतकी घट्ट झालेली की महिनोन् महिने झिजत नाही. काही तुकडे ज्वारीच्या दाण्याएवढे, काही बोराच्या आठळीएवढे, पांढरेशुभ्र. ते दोन अकिकांच्या मध्ये शिरून धक्का झेलतात, आणि जेथे मोठा दगड पोचत नाही अशा खळग्यांत भुकटी नेऊन घासतात. हे दुसरे काम आम्हांस अधिक मोलाचे वाटले. नुसती गादीच हवी असती तर चिंध्याही चालल्या असत्या!

आजीने प्रत्येक दगडावरून नख फिरविले. एकावर ते अडकले. तो तिने बाजूस ठेवला. तडा असलेला दगड आत फुटला तर त्याच्या धारदार कपच्या बाकीच्यांना ओरखडतात. उरलेले आठ पिंपात गेले. सिलिकॉन कार्बाइडची भुकटी प्रथम जाडी, मग मध्यम, मग बारीक, आणि शेवटी झिलईसाठी ॲल्युमिनियम ऑक्साइड. प्रत्येक पायरीला साधारण आठवडा. जाड्या भुकटीला आम्ही दोन दिले. दगड झिजतील तसे आणखी तुकडे घालून भर कायम ठेवावी लागते. पायरी बदलताना पिंप, दगड आणि तुकडे ब्रशाने धुवावे लागतात, कारण जाड भुकटीचा एखादा कणही झिलई बिघडवितो. सिरॅमिक धुतले की पुढल्या पायरीस चालते. प्लॅस्टिकच्या मण्यांत मात्र कण रुततात.

रात्रभर चालणाऱ्या घरघरीस घरच्यांनी पहिले चार दिवस नावे ठेवली. पुढे एकदा वीज गेली आणि पिंप थांबले, तेव्हा आजीच झोपेतून उठून विचारती झाली, "काय रे, थांबलं का?"

आठही दगड आता तयार आहेत. एकात मधाच्या रंगाच्या रेघा आहेत. त्या विहिरीतून निघाल्या तेव्हा कोणालाच दिसल्या नव्हत्या. नववा कोनाड्यात पूर्वीच्याच जागी आहे. सिरॅमिकचे तुकडे आम्ही धुऊन बरणीत भरले होते. एकादशीच्या आदल्या दिवशी आईने त्यांना साबुदाणा समजून भिजत घालण्याची तयारी केली, तेव्हापासून बरणीची रवानगी माळ्यावर झाली आहे. पिंपातला गाळ मोरीत ओतू नये, तो नळीत सिमेंटासारखा बसतो; आम्ही बागेच्या कडेला खड्डा केला आहे.