न विचारलेला प्रश्न

त्र्यंबकेश्वरात राहणाऱ्या माणसाचा आकडेमोडीवर जरा अधिकच विश्वास बसतो. गुरू सिंह राशीला आला की कुशावर्तावर सिंहस्थाचे स्नान. आणि तो केव्हा येणार, हे पंचांगात आधीच छापलेले. २००३ साली आला, २०१५ साली आला. गुरूची सूर्याभोवतीची फेरी पुरत्या बारा वर्षांची नव्हे, ११.८६ वर्षांची, म्हणून फार काळाने एखादा सिंहस्थ अकराव्या वर्षीच येतो. हा हिशेब मी शाळेत पस्तीस वर्षे फळ्यावर करून दाखवला. एवढा मोठा ग्रह जर खडूच्या तुकड्याला सापडतो, तर शेअरबाजार का सापडू नये?

असे मला वाटले, आणि तेथेच चुकले.

गेल्या दिवाळीत पुण्याहून भाचा आला. फराळाचे ताट बाजूला सारून त्याने संगणक उघडला. दहा वर्षांच्या भावांवर त्याने एक नियम बसवला होता. थोड्या दिवसांची सरासरी जास्त दिवसांच्या सरासरीला ओलांडून वर गेली की घ्यायचे, खाली आली की विकायचे. पडद्यावरची रेघ ब्रह्मगिरीच्या पायऱ्यांसारखी चढत गेली होती.

"मामा, हे गणित आहे, जुगार नव्हे," तो म्हणाला.

जुन्या घराचे वासे आणि कौले बदलण्यासाठी ठेवलेले दोन लाख रुपये मी त्याच्या हवाली केले. हिला सांगितले नाही.

वायद्याच्या सौद्यात थोड्या पैशांवर मोठी उलाढाल होते. नफा फुगतो, तसा तोटाही. आषाढ लागेपर्यंत दोन लाखांचे सत्तर हजार उरले. त्र्यंबकचा पाऊस तुम्हांला ठाऊक असेलच. माजघरात तीन पातेली मांडावी लागली. हिला सारे सांगितले, तेव्हा ही काही बोलली नाही. भरलेली पातेली तेवढी बदलत राहिली.

श्रावणात भाचा आला. तेव्हा कुठे मी विचारले, "असे किती नियम तपासून पाहिलेस रे?"

"हजारेक असतील, मामा. त्यांतला सर्वांत चांगला निवडला."

मी कपाळाला हात लावला. १०२४ मुलांनी दहा-दहा वेळा नाणे उडवले, तर सरासरीने एकाला दहाही वेळा छापा पडतो. म्हणून त्या पोराला नाणे वश झाले, असे कोणी मानत नाही. हे उदाहरण मी दरवर्षी वर्गात देत असे! भाच्याने चूक केली, ती वयाची. मी प्रश्न विचारला नाही, तो लोभाचा.

गणित खोटे नव्हे. १९०० साली पॅरिसमध्ये लुई बाशेलिए याने सट्ट्यावरच प्रबंध लिहिला. भावांची संभाव्य चढउतार दिवसांच्या वर्गमुळाच्या प्रमाणात वाढते, असे त्यात निघते : चार दिवसांत दुप्पट, नऊ दिवसांत तिप्पट. पण वर की खाली, ते मात्र हे गणित सांगत नाही. याच वाटेवरून पुढे गेलेल्या शोल्स आणि मर्टन यांना १९९७ मध्ये नोबेल पारितोषिक मिळाले. दुसऱ्याच वर्षी, ते भागीदार असलेला प्रचंड निधी डबघाईला आला आणि मोठमोठ्या बँकांना मिळून तो सावरावा लागला. आपल्याकडे २०२४ साली सेबीने हिशेब मांडला. आधीच्या तीन वर्षांत वायदे आणि ऑप्शन्समध्ये उतरलेल्या साध्या गुंतवणूकदारांपैकी ९३ टक्के तोट्यात होते. ज्या बड्या संस्था नफ्यात होत्या, त्यांचा बहुतेक नफा संगणकी सौद्यांचा. म्हणजे समोरच्या पाटावरही गणितीच बसलेला, आणि त्याचे यंत्र आपल्याहून चपळ.

गुरूला पंचांग वाचता येत नाही. बाजार मात्र स्वतःवरचे प्रत्येक भाकीत वाचतो आणि चाल बदलतो.

यंदा भाचा दिवाळीच्या चार दिवस आधीच आला आणि सुताराबरोबर छपरावर चढला. पगारातून तो दरमहा थोडे थोडे पैसे पाठवतो. मी ते घेतो. न घेतले तर त्याचे पाऊल या घराकडे वळायचे नाही.

काल फराळाला बसल्यावर हिने वर पाहत विचारले, "आता गळणार नाही ना रे?"

"पाऊस आला की कळेल, मामी," तो म्हणाला.

हिने त्याच्या ताटात आणखी एक अनारसा वाढला.