मेहताजींची वही

आमच्या घरातली आधीची पिढी अमळनेर-दोंडाईचाकडून भुसावळ-सुरत पॅसेंजरनं आली आणि सुरतच्या उधन्यातल्या लूम खात्यांत कामाला लागली. आबा, नाना, जिभाऊ, तिघंही बारा-बारा तासांच्या पाळ्या करत. मजुरी मीटरवर. किती ताके उतरले ते खात्याचे हिशेबनीस मेहताजी वहीत लिहीत, आणि ती वही कारागिराच्या हाती कधी पडत नसे. आबा घरच्या भिंतीवर कोळशानं रेघा ओढत. पगाराच्या दिवशी रेघा आणि वही जुळली नाही, तर वहीच खरी धरली जाई.

लिंबायतच्या आमच्या खोलीत माय, काकू आणि आम्ही सगळी भावंडं साड्यांचे सुटे धागे कापायचो, स्टोन चिकटवायचो. पोटली घेऊन येणारी बाई सांगेल तो भाव. शेजारच्या गल्लीत काय देतात हे ठाऊक नसे. रिंगरोडच्या मार्केटात साडी कितीला जाते, हे तर विचारायचीही सोय नव्हती.

मग नंदुरबारला एका चुलतबहिणीच्या लग्नाचा बस्ता बांधायला गेलो. दुकानदारानं गादीवर टाकलेल्या साड्यांत आमच्याच हातची एक निघाली. मायनं पदर उलटून पाहिला, स्टोनच्या ओळींवरून बोट फिरवलं, किंमत विचारली आणि साडी बाजूला ठेवली. परतीच्या गाडीत नवापूर येईपर्यंत ती गप्प होती. मग काकूला म्हणाली, "मारकेटमा काय भाव शे, हाई आपले कोनीच सांगत नही." शेठचं भांडवल म्हणजे माग आणि सूत, असं आम्ही समजत होतो. दोन्ही टोकांचे भाव त्याला एकट्यालाच ठाऊक असणं हे त्याहून मोठं भांडवल होतं, हे त्या दिवशी आम्हा पोरांना कळलं.

1994 च्या सप्टेंबरात सुरतेत प्लेग आल्याची बातमी आली तेव्हाही तेच. ज्यांच्याकडे टेलिफोन, त्यांच्या दारांना आधी कुलपं लागली. आम्हाला समजलं ते स्टेशनाकडे लोटलेली गर्दी बघून.

2003 मध्ये मोबाइलवर येणारे फोन फुकट झाले आणि घरात पहिला हँडसेट आला. काकू तीन-चार गल्ल्यांतल्या बायकांना विचारून भाव सांगू लागली, आणि पोटलीवालीला तो द्यावा लागला. त्या फोनचं आमच्यावर खरंच ऋण आहे. पुढे 2016 नंतर डेटा स्वस्त झाला, धाकटी वहिनी व्हॉट्सअ‍ॅपवर साड्यांचे फोटो टाकून थेट नागपूर-इंदूरला विकू लागली. मधला माणूस संपला, असं सगळ्यांना वाटलं.

आज आमच्या भाच्या एका अ‍ॅपवर विकतात. कुठल्या गावात कुठला रंग खपतो, माल परत कोण पाठवतं, कुणाची साडी वर दिसणार आणि कुणाची खाली, हे सगळं अ‍ॅपवाल्यांना ठाऊक. भाचीला फक्त तिच्या दुकानापुरतं दिसतं. शेजारणीनं भाव उतरवला म्हणून ती मध्यरात्री आपला उतरवते. मेहताजी निदान समोर बसायचे. आबा त्यांच्याशी भांडू शकत होते, भांडलेही.

आणि लिंबायतमध्ये बायका अजूनही दारात बसून धागे कापतात. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेनं घरबसल्या काम करणाऱ्यांसाठी 1996 मध्ये करार केला. सोबतच्या शिफारशीत, मजुरीचा दर आणि तो कसा काढला हे कामगाराला लेखी कळवावं, असं म्हटलं आहे. भारतानं तो करार अजून स्वीकारलेला नाही. सुरत असो, मालेगाव असो की भिवंडी, ज्यांच्या घरात अशा पोटल्या येतात त्यांनी हा प्रश्न आपल्या खासदारापुढे मांडावा, आणि तोवर दर कागदावर लिहून मागावा.