सालीतली मिरी

द्राक्षबागेत वाढलेल्या माणसाला लाल वाइनचं नवल जरा वेगळ्याच जागी वाटतं. निफाडकडे आमची थॉम्पसन या खायच्या द्राक्षांची बाग आहे. मणी टपोरा हवा, साल पातळ हवी, बी तर नकोच; त्यासाठी विरळणी, जिबरेलिक आम्लाच्या (जीए) फवारण्या, घड बुडवणं, असा वर्षभराचा खटाटोप. फ्रान्समध्ये ऱ्होन नदीकाठी एर्मिताजच्या टेकडीवर गेलो, तेव्हा दिसलं की आम्ही जे घालवायला धडपडतो, त्याच साल-बियांवर इथली वाइन उभी आहे.

ल्योंहून रेल्वेने तासाभरात तॅं गाव येतं. मागेच ती टेकडी, दक्षिणेकडे तोंड केलेली, दगडी ताली घालून पायऱ्या पाडलेली. माथ्यावर छोटं चॅपल. धर्मयुद्धातून परतलेला एक सरदार १२२४च्या सुमारास इथे मठी बांधून एकटा राहिला, अशी दंतकथा आहे. एर्मिताजच्या सगळ्या बागा मिळून साधारण १४० हेक्टर, म्हणजे साडेतीनशे एकर. निफाड तालुक्यात एकेका गावाच्या बागा याहून मोठ्या असतात. इथे मांडव नाही. वेल एकेकट्या लाकडी खुंटाला बांधलेला, खाली ग्रॅनाइटचा भुगा, ठिबकची नळी कुठे दिसली नाही. चढावर ट्रॅक्टर चालत नाही तिथे विंचने नांगर ओढतात, कुठे घोडा लावतात. हेक्टरी साधारण ४० हेक्टोलिटर एवढीच वाइन करायची, असा नियम. माझ्या हिशेबाने एकरी दोन-सव्वादोन टन द्राक्षं. आमच्याकडे एकरी दहा टनांची अपेक्षा असते.

तोडणी चालू होती. बाग दाखवणाऱ्या बाईंनी सिरा जातीचा एक घड हातात दिला. मणी लहान, काळेनिळे. एक तोंडात टाकला. रस गोड आणि जवळजवळ बिनरंगाचा. मग साल दाताखाली आली आणि जीभ तुरट झाली. बी कडकन फुटलं. गिळायची घाई करू नका, चावत राहा, असं बाईंनी खुणेनेच सांगितलं. रंग या सालीत असतो, तुरटपणा साल आणि बियांत. म्हणून रस काढून साल फेकून देत नाहीत; दोन-तीन आठवडे साल-बियांसकट आंबवतात, वर तरंगून आलेला चोथा पुन्हा पुन्हा रसात दाबतात. मग ओकच्या पिंपात वर्ष-दीड वर्ष, कधी त्याहून जास्त.

सिराच्या वाइनला काळ्या मिरीचा वास येतो, हे मी ऐकून होतो आणि ते वर्णनकारांचं कौतुक समजत होतो. पण २००८ साली ऑस्ट्रेलियातल्या शास्त्रज्ञांनी तो वास देणारा पदार्थ शोधला. त्याचं नाव रोटंडोन. तो द्राक्षाच्या सालीत असतो, आणि मिरीच्या दाण्यात असतो तोही हाच. काही लोकांच्या नाकाला तो मुळीच जाणवत नाही. मला जाणवला, याचा मनापासून आनंद झाला.

तळघरात आधी पिंपातली कोवळी वाइन चाखायला मिळाली. गडद जांभळी, हिरड्या आवळून टाकणारी. वास जवळजवळ नाहीच. इथल्या वाइनचंही नाव एर्मिताजच; तो तरुणपणी असाच अबोल असतो. मग बाईंनी जुनी बाटली उघडली. रंग कडेला विटकरी झालेला. आधी धूर, मग मिरी, मग पिकलेलं जांभूळ, आणि ग्लास हातात उबदार झाला तसा कातड्याचा वास. तुरटपणा होता, पण धुऊन धुऊन मऊ झालेल्या खादीसारखा. घोट संपल्यावरही चव कितीतरी वेळ रेंगाळत राहिली, आणि मला दुसरा घोट घ्यावासा वाटेना, पहिलाच पुरा व्हायचा होता. गोडी म्हणून काहीच नव्हती. आयुष्यभर द्राक्षांची गोडी ब्रिक्समध्ये मोजत आलेल्या मला हे फार मोलाचं वाटलं. एकोणिसाव्या शतकात बोर्दोचे व्यापारी आपल्या वाइनला बळ यावं म्हणून तिच्यात एर्मिताजची हीच वाइन मिसळत आणि तसं अभिमानाने सांगत. त्यांचं मला पटतं.

शिराझ म्हणून हीच जात आता नाशिककडेही लावतात, आणि तिच्यातही मिरी शोधावी. एर्मिताज मिळालाच, तर तासभर आधी काचेच्या भांड्यात ओतून ठेवावा. आपल्याकडच्या हवेत थोडा वेळ फ्रिजमध्ये ठेवायला लाजू नये. सोळा-सतरा अंशांवर तो खुलतो. सोबत मटण असावं, पण लाल तिखटाचा हात आखडता घ्यावा, कारण तिखटाने तुरटपणा बोचरा होतो. मिरी मात्र सढळ हाताने घालावी.