मनगटातले वय

सतरा वर्षांखालील मुलांचा फुटबॉल विश्वचषक ऑक्टोबर २०१७ मध्ये भारतात झाला आणि त्यानंतर माझ्या दवाखान्यात एक निराळी मागणी येऊ लागली. मुलगा चांगला खेळतो, पण वयोगटात काही महिन्यांनी बसत नाही. ‘डॉक्टर, दाखल्यावर एखादे वर्ष कमी लिहाल का?’ मी नकार देतो. कायदा आहेच, परंतु पालकांना मी शरीराचे कारण सांगतो.

वाढत्या वयात लांब हाडांच्या टोकांशी कूर्चेची एक पट्टी असते. हाडाची लांबी तिथे वाढते आणि वाढ संपली की पट्टी बुजते. मनगटाजवळ, अंगठ्याच्या बाजूच्या हाडात ती सतरा वर्षांपूर्वी पूर्ण बुजलेली मुलगे क्वचितच आढळतात. या आधारावर फिफाने २००९ पासून या स्पर्धेसाठी मनगटाचा एमआरआय सुरू केला. त्यात क्ष-किरण नसल्याने निरोगी मुलांवर तो करणे रास्त ठरते. मात्र त्यातून जन्मतारीख कळत नाही. पट्टी पूर्ण बुजली असेल तर मुलगा बहुधा मोठा आहे, एवढेच कळते. मुलींची हाडे लवकर जुळतात, म्हणून हा निकष त्यांना लागू होत नाही.

खरी अडचण प्रामाणिक वयाच्या मुलांचीच आहे. चौदा वर्षांच्या दोन मुलांच्या हाडांच्या वयात दोन-तीन वर्षांचेही अंतर असू शकते. उशिरा वाढणारा मुलगा धडकेत पडतो, संघाबाहेर राहतो आणि घरी त्याला ‘दम नाही’ असे ऐकावे लागते. (हे बोलणारे वडील बहुधा स्वतः कधी मैदानावर उतरलेले नसतात.) त्यात मोठ्या वयाचा मुलगा खोट्या दाखल्याने घुसला, तर धोका या लहानग्यालाच.

त्या विश्वचषकात भारत तिन्ही सामने हरला. कोलंबियाविरुद्ध दिल्लीत मणिपूरच्या जॅक्सन सिंगने कॉर्नरवर डोक्याने गोल केला. फिफाच्या विश्वचषकातील भारताचा तो पहिला गोल. पुढच्याच मिनिटाला कोलंबियाने आघाडी घेतली. संघात कोल्हापूरचा अनिकेत जाधवही होता, म्हणून आमच्याकडच्या मुलांना ते स्वप्न जवळचे वाटते.

अशी मुले गुडघ्याच्या वाटीखालचा उंचवटा दुखतो म्हणून येतात. मांडीच्या स्नायूची ओढ तिथल्या वाढत्या हाडावर पडते. बर्फाने शेकावे, सराव कमी करावा, मांडीला ताण देणारे व्यायाम करावेत; बहुतेकांना पुरते. रात्री झोपमोड होईल इतके दुखत असेल किंवा मुलगा लंगडत असेल, तर मात्र पुढचा सामना होईपर्यंत थांबू नये.