दावी

परवा गावाकडून फोन आला. "दादा, आमची तूर चारून टाकली ते साल कोणतं, याद हाय का?"

याद आहे. १९८६. दिवाळीच्या सुट्टीत मी आजोळी होतो. फोन करणारा तेव्हा माझ्याच वयाचा, नऊ-दहा वर्षांचा. त्याची आई आमच्याकडे खुरपायला यायची, आम्ही तिला मावशी म्हणायचो (चहाचा कप मात्र वेगळा, गोठ्याच्या कोनाड्यात ठेवलेला). त्यांनी गायरानातली दोन एकर पड मोडून तूर पेरली होती. दादासाहेब गायकवाडांनी १९५९ आणि १९६४ मध्ये भूमिहीनांचे सत्याग्रह केले, तेव्हापासून मराठवाड्यात कितीतरी दलित कुटुंबं अशी जमीन कसत आली.

गाव म्हणायचं, जनावरांनी चरायचं कुठे? खरं कारण मला फार उशिरा कळलं. दोन एकरांची तूर घरात आली की मावशी आजोबांच्या मजुरीवर खुरपायला कशाला येईल?

एका रात्री शेंगा धरलेल्या तुरीत बैल शिरले. अडवायला गेलेल्या मावशीच्या नवऱ्याचा हात मोडला. "जनावरं सुटली, अंधारात पडला असंल," असं गावाने ठरवून टाकलं. तक्रार झाली नाही. पुढे महिनाभर त्यांना ना गिरणीत दळण मिळालं, ना कुणाच्या रानात काम.

सकाळी मी गोठ्यात गेलो. आमचे बैल मोकळेच उभे होते, कडब्याला तोंड लावत नव्हते. दावी तुटलेली नव्हती. नीट गुंडाळून खुंटीला अडकवलेली होती. मी आजोबांना विचारलं. ते म्हणाले, "जा, आंघोळ कर. पाणी तापलंय."

असो. खरं तर 'असो' म्हणून सोडण्यासारखं नाहीच हे...

आता प्रश्न कागदाचा आहे. भूमिहीन दलित-आदिवासींची गायरानावरची १४ एप्रिल १९९० पर्यंतची शेतीची अतिक्रमणं नियमित करायची, असा शासन निर्णय १९९१ मध्ये निघाला. पुरावा काय? तर अतिक्रमण केलं म्हणून भरलेल्या दंडाची पावती! मावशीकडच्या पावत्या १९९२ नंतरच्या. त्याआधीचा पंचनामा नाही, कारण तक्रारच नाही. २०११ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने गावांच्या सामायिक जमिनींवरची अतिक्रमणं काढायला सांगितलं, तेव्हापासून नोटिशीची धास्ती वाढलीय. भूमिहीनांना रीतसर दिलेल्या जमिनींना त्यात सूट आहे म्हणे. रीतसर झालं असतं तर मला फोन कशाला आला असता?

त्याला माझं प्रतिज्ञापत्र हवंय. त्या साली तिथे तूर उभी होती आणि मी ती पाहिली, एवढंच. पण ती गेली कशी हे लिहायचं तर बैल कुणाचे तेही लिहावं लागतं.

मामा, तुम्ही इथे येऊन वाचता हे मला माहीत आहे. मसुदा तयार आहे, बैल त्यात आहेत, दावीही आहेत. गुरुवारी तहसीलला जातोय. त्याआधी बोलायचं असेल तर फोन करा, रात्री उशिरा केलात तरी चालेल.